दोन फालतू वायरी

मेलेला फोन माझ्या हातात आला की उठून बसतो. हे मी नाही, अमळनेरचं आमचं अख्खं कार्यालय म्हणतं. म्हणजे मी म्हणतो आणि कार्यालय नाही म्हणत नाही.

तर माझे सासरे पितांबरआबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुरतेला थोरल्या लेकीकडे गेले आणि जाताना तापीकाठची केळीची बाग माझ्या गळ्यात टाकून गेले. अडीच हजार झाडं, घड लागलेले, मे महिना, पारा चव्वेचाळीस.

"पानी मी सुरतथीन देसू," आबा म्हणाले. "तुम्ही फक्त रोज एक चक्कर मारज्यात."

सुरतेहून पाणी कसं देणार, हे मी विचारलं नाही. जावयाने विचारायचं नसतं, मान डोलवायची असते. ठेवला असेल कुणी माणूस सांगून.

पहिल्या दिवशी चक्कर मारली. आदल्या रात्री वादळ होऊन गेलेलं. बांधावर लिंबाखाली, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक जुना बटणांचा फोन चिखलात पडला होता. पोटातून दोन तांबड्या वायरी बाहेर आलेल्या, झुरळाच्या मिशांसारख्या. कुणीतरी फेकलेला. पण आत सिमकार्ड! म्हणजे मालक होता. म्हणजे मी हा जिवंत करणार, मालक फोन लावणार, मी उचलणार आणि तो गहिवरून माझं नाव विचारणार. मी तसाच घरी सुटलो. बाग बघायची राहिली.

दुरुस्तीच्या वहीतून:

आजार: अंगात पाणी. उपाय: बायकोचा, नूतनचा, केसांचा ड्रायर, पाऊण तास. (फोन उठला. ड्रायर गेला.)

आजार: दोन फालतू वायरी. उपाय: मुळापासून कापल्या.

आजार: तिसऱ्या रिंगला स्वतःच उचलतो. उपाय: सेटिंग बंद. बायकोशी अजून बो

(नोंद अर्धवट. नूतन ड्रायर शोधत आली.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ पंचवीसला फोन वाजला. मी घसा साफ करून उचलला. पलीकडे कुणी बोलेना. लांबवर कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी खोकलं आणि फोन बंद.

दुपारी साडेचारला पुन्हा. तोच नंबर, तीच शांतता.

तिसऱ्या दिवशी आठ पंचवीस. साडेचार.

चौथ्या दिवशी आठ पंचवीस. साडेचार.

हा माणूस नव्हता, घड्याळ होतं. सापडलेल्या फोनमध्ये पैसे नव्हते, उलटा फोन लावता येईना. माझ्या फोनवरून लावतो म्हटलं तर नूतनने अडवलं. हे लोक आधी आवाज घेतात, मग नंबर घेतात आणि मग खातं रिकामं करतात, असं तिचं म्हणणं. मी आठपासून घामाघूम व्हायला लागलो. ऑफिसात फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचो, बॉम्बकडे बघावं तसं. या सगळ्यात बागेची चक्कर कोण मारणार?

रोज संध्याकाळी माझ्या फोनवर आबांचा फोन यायचा.

"बाग कशी शे, जवाईबापू?"

"एकदम हिरवीगार, आबा," मी अमळनेरात खुर्चीवर बसून सांगायचो.

पाचव्या दिवशी सकाळी बांधाला बांध असलेल्या वनाभाऊंचा फोन आला. ते लग्नाहून नुकतेच परतले होते.

"जवाईबापू, आबानी बागना पानं बठ्ठा लोंबी गयात. मोटर बंद शे का?"

मोटारसायकल काढली ती थेट बागेत. पानं मोडक्या छत्र्यांसारखी बुंध्याला चिकटलेली. ठिबकच्या नळ्यांखालची माती भेगाळलेली. वीसेक घड मोडून खाली आलेले. आबांनी लेकरासारखी वाढवलेली बाग, आणि मी रोज हिरवीगार म्हणत होतो.

तेवढ्यात खिशात तो फोन वाजला. आठ पंचवीस.

माझा ताबा सुटला. "हरामखोरा, तोंड शिवलंय का तुझं?" मी इतका ओरडलो की लिंबावरचे कावळे उडाले. फोन बंद.

आता खातं रिकामं झालं तरी चालेल! मी माझा फोन काढला आणि त्याचा नंबर एकेक आकडा बघून दाबला. दहावा आकडा दाबताच वर नाव उमटलं.

आबा सासरे.

पाठ नसतो हो नंबर. हल्ली बायकोचाही कुणाला पाठ नसतो.

माझा आरडाओरडा ऐकून बांध ओलांडून आलेले वनाभाऊ माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत होते. "हाऊ तर मोटरना फोन शे! तुमनाकडे कसा उना?"

मग त्यांनी सांगितलं. हा फोन मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत असतो. शेताची लाइट येते आठ पंचवीसला. आबा कुठूनही रिंग देतात, फोन आपोआप उचलतो, वायरीतून स्टार्टरला झटका बसतो आणि मोटर सुरू. साडेचारला परत रिंग, मोटर बंद. वादळात पेटीचं झाकण उडालं, त्यात फोनही उडाला असणार. आबा रिंग दिली की फोन कानाला लावतच नाहीत. मोटरशी काय बोलायचं?

"पन वायरी कोठे शेतस?"

"फालतू होत्या," मी म्हणालो.

वनाभाऊंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी पेटीतलं हिरवं बटण दाखवलं. मी दाबलं. मोटर घरघरली आणि नळ्या फुसफुसल्या.

चोपड्याचा मेकॅनिक म्हणाला, मुळापासून कापलंय, आता आठवडा लागेल. आबांना खरं सांगायची छाती नव्हती. मी रजा टाकली. विहिरीजवळ खाट टाकली. आठ पंचवीसला फोन वाजतो, मी उचलतो, श्वास रोखून गप्प बसतो आणि हिरवं बटण दाबतो. साडेचारला लाल. तिसऱ्या दिवशी पानं उभी राहिली. मी रडायचाच बाकी होतो.

त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. आवाज प्रसन्न होता.

"मोटर झकास चाली ऱ्हायनी, जवाईबापू. पहिले तिसरी रिंगले उचले, आते पहिलीलेच उचलस."

"हो ना, आबा."

"फक्त तिले एक सांगी द्या. घरना मानूसले हरामखोर म्हनानं नही."