मृत्युपत्राच्या खर्चाची हकिकत, हत्तीसुद्धा

श्रीगजवदनास वंदन, परंतु हत्तीच्या पोटाचा विचार मनी ठेवूनच. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सरी, कोणा एका राज्यात सरदार गिरजोजीराव श्राद्धाचे जेवण अंमळ जास्त होऊन कैलासवासी जाहले. जातेसमयी त्यांनी शेजारचे मेघश्यामपंत यांचा हात घट्ट धरिला आणि बोलिले, "पंत, आमच्या मृत्युपत्राचे कारभारी तुम्ही. ज्याचे त्यास पोचवा." पंतांची छाती फुगली आणि ते होय म्हणाले, आणि मग सरदारांनी समाधानाने डोळे मिटिले.

मग पंत बाबदेव वकिलांकडे गेले. वकील बोलिले, "मृत्युपत्र खरे, ऐसा न्यायसभेचा शिक्का आधी पाहिजे. त्यास प्रोबेट म्हणतात. तोवर वाटीही हलवू नये, आणि जे आहे ते राखावे." आता जे होते त्यात एक हत्ती होता. तो राखण्यास्तव पंतांच्या परसात आला आणि पहिल्याच दिवशी केळीची बाग जेवून मोकळा जाहला. मग रोज उसाची गाडी, आणि मग कोणाची हरकत असल्यास बोलावे म्हणून दवंडी, आणि मग वकिलांची दक्षिणा; आणि पंत ऐसे समजले की मरत्या माणसास शब्द दिला, तेव्हा खर्चही आपलाच. सबब पंतांच्या पत्नी सगुणाबाईंच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडल्या. बाई बोलिल्या, "सरदार सुटले, आणि हत्ती माझे मनगट खातो आहे! संक्रांतीआधी पाटल्या आल्या नाहीत, तर हळदीकुंकवास तुम्हीच बसा."

वारस म्हणजे सरदारांचे दोन पुतणे, थोरले रंभाजी आणि धाकटे भानजी. मालमत्तेची यादी मांडताच दोघांस काकांचा अभिमान चढला.

"हत्ती पाच हजारांचा!"

"पाच? सहा लिहा पंत, काकांच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

वकील खाकरले. "अवश्य लिहा. न्यायसभेचा रसूम किमतीचा दहावा हिस्सा."

मग रंभाजी हत्तीस निरखून बोलिले, "हा आंधळा दिसतो." भानजी बोलिले, "आंधळा तर आहेच, शिवाय काका गेल्यापासून मनाने खचला आहे." आणि मग हत्ती अकरा रुपये, पालखी पाच, झुंबर चोवीस आणि दोनशे झाडांची आमराई अडीचशे, एकूण दोनशे नव्वद ऐसे ठरले. पंत बोलिले, "यावर शपथ मी घेणार नाही. किंमत तुमची, शपथ तुमची." दोघांनी हसत शपथ घेतली आणि सह्या ठोकिल्या.

शिक्का मिळाला त्या दिवशी न्यायाधीश पुसते जाहले, "पंत, तुमचा खर्च किती?"

"तो मीच सोसतो, साहेब. शब्द दिला आहे."

"शब्द वाटून देण्याचा दिलात, पोसण्याचा नव्हे. कारभाऱ्याचा वाजवी खर्च मालमत्तेतून, आणि वारसांच्या आधी."

पंतांनी वकिलांकडे पाहिले. "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेत?"

"आपण विचारले नाहीत. विचारते तर दोन रुपये पडते."

मग हिशेब जाहला. रसूम एकोणतीस, दवंडी पंधरा, वकील साठ आणि हत्तीचा ऊस एकशे नव्वद, एकूण दोनशे चौऱ्याण्णव. न्यायाधीश बोलिले, "रोकड दिसत नाही. सबब सारा माल यादीच्या किमतीने पंतांस द्यावा. तरी चार रुपये कमीच पडतात, ते पुतण्यांनी घालावे."

रंभाजी किंचाळले, "साहेब, हत्ती सहा हजारांचा आहे!"

"आंधळा ना?"

"आता दिसू लागले त्याला!" भानजी बोलिले.

"मग पुरता रसूम येऊ द्या, आणि खोट्या शपथेचा दंडही."

तेव्हा पुतण्यांनी रसूम भरिला, दंड भरिला, पंतांचा खर्च पैसुद्धा न सोडता दिधला आणि हत्ती घेऊन मुकाट गेले. पाटल्या संक्रांतीच्या आदले दिवशी मनगटी चढल्या. त्याच सांजेस पंतांनी आपलेही मृत्युपत्र लिहविले आणि त्याचे कारभारी थोरले रंभाजी यांस नेमिले. सगुणाबाई बोलिल्या, "अहो, पण आपल्याकडे राखण्यासारखे आहे तरी काय?" पंत बोलिले, "काही नाही. म्हणून उद्या एक हत्ती पाहावयास जातो."

तात्पर्य इतकेच की रसूम थोडा, ऊस फार. आणि कोणी मरतेसमयी हात धरिला, तर आधी परसात डोकावून मग होय म्हणावे. लिहिणाराने लिहिले, कारभाऱ्यांनी उमजावे.