म्हाकूतात्यांचा सोमवार

म्हाकूतात्या मेटकरी विहिरीत डोकावण्याआधी खाकरायचे. एकदा नव्हे, तीनदा. आणि असं दणकून, की तिकडे आटपाडीच्या स्टँडवर डुलक्या घेणाऱ्या कंडक्टरनं दचकून घंटी मारावी.

"दुसऱ्याच्या घरात शिरताना आवाज देतो का न्हाई आपुन? मग? आत कोन कसं बसलंय काय ठाव!"

आत असायचं कोण? दोन बेडूक, एखादं पारव्याचं जोडपं आणि त्या भागात विहिरीला शोभेल तितपतच पाणी. पण तात्या खाकरायचे, आतून "या" म्हटल्यासारखे क्षणभर थांबायचे आणि मगच टेप सोडायचे.

मी तेव्हा साताऱ्याला एका संस्थेत कॉम्प्युटरवर बसायचो. नव्वदच्या दशकातला तो कॉम्प्युटर म्हणजे संस्थेची कुलदेवताच. त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. ऑफिसात पंखा एकच, तोही त्याच्यावर रोखलेला. आम्ही माणसं घामानं विरघळून अर्धी झालो होतो. काम म्हणाल तर सोपं. आटपाडीकडच्या कोरड्या गावांत दर आठवड्याला विहिरींचं पाणी किती फुटांवर आहे ते मोजायचं, आकडे मी कॉम्प्युटरात भरायचे, आणि त्यातून निघालेला आलेख बघून गावानं ठरवायचं, यंदा काय पेरायचं आणि कशाच्या नादाला लागायचं नाही. मोजणारा माणूस गावातलाच. तात्यांच्या वाडीला तात्या. बावीस विहिरी, दर सोमवारी, पायी.

हातात कापडी टेप, टेपच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा. ओळंबा पाण्याला लागला की खालून 'डुबुक' यायचं. त्या डुबुकावर तात्यांचा कान असा, की पाणी गोडं का मचूळ हेही त्यांना आवाजावरून कळत असावं अशी माझी खात्री आहे. अर्ध्या इंचासाठी ते तीन-तीनदा टेप सोडायचे. एकदा एक बागायतदार, ऊस लावता यावा म्हणून, लाडीगोडी लावायला लागला, "तात्या, दोन फूट वर लिवा की पानी. तुमचं काय जातंय?"

"आकडा म्हंजी आकडा," तात्या म्हणाले. "तुज्या पोराचं वय दोन वर्सं कमी लिवलं म्हनून त्ये काय परत रांगाया लागतंय व्हय रं?"

एकदा साताऱ्याला आले. चपला काढल्या, कॉम्प्युटरला हात जोडले आणि पडद्यात डोकावण्याआधी तीनदा खाकरले. कॉम्प्युटर बंद पडला. तो रोजच पडायचा, पण त्या दिवशी मी तात्यांच्या नावावर खपवला. परत चालू झाल्यावर बावीस विहिरींच्या बावीस रेघा दाखवल्या. बराच वेळ बघत राहिले.

"समद्या हिरी हितं शेजारी शेजारी?" म्हणाले. "झ्याक हाय. तिकडं तर बांधाला बांध असून मानूस बोलंना मानसाशी."

हे कुणाबद्दल ते मला ठाऊक होतं.

वाडी अशी गजबजलेली मी कधी पाहिलीच नाही. तरणी पोरं सोनं गाळायच्या गलाईच्या धंद्यात, कुणी केरळात, कुणी बंगालात. उरलेली माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चालती व्हायची. मग दारांना कुलपं आणि कुलपांना गंज. तात्यांची बायको वारलेली, मुलगा दक्षिणेत कुठंतरी. त्याचं पत्र यायचं. प्रत्येक पत्रावर नवा पत्ता. ओढ्याच्या अलीकडे तात्या एकटे, पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ बिरूआण्णा एकटा. आणि दोघांच्या मधे बारा वर्षांचा अबोला. भांडण कशावरून, याच्या मी सात आवृत्त्या ऐकल्यात. एकीत मेंढा आहे, एकीत बांध, एकीत लग्नातला फेटा. मला वाटतं त्या दोघांनाही नक्की आठवत नसावं.

पण बिरूआण्णाची विहीर आमच्या यादीत होती, नंबर सतरा. आणि संस्थेचा नियम असा, की मालकानं समोर उभं राहून आकडा ऐकायचा आणि कागदावर सही करायची. त्यामुळे दर सोमवारी तात्या ओढा उतरून जायचे, टेप सोडायचे आणि विहिरीकडे बघत म्हणायचे, "छत्तीस फूट."

बिरूआण्णा समोरच्या बाभळीकडे बघत म्हणायचा, "करतो सई."

झालं. बारा वर्षांत भावाभावांत एवढंच बोलणं. तेही माझ्या फॉर्मवर.

त्या वर्षी पावसानं तोंड लपवलं. संक्रांत उलटली तशा सगळ्या विहिरींच्या रेघा जिन्यावरून पोत्यागत गडगडत निघाल्या. फक्त सतरा नंबरची रेघ फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ. आठ आठवडे, अडतीस फूट. ना इंच वर, ना इंच खाली. आमच्या जलतज्ज्ञ सरांना असा आनंद झाला, की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला.

"खाली जिवंत झरा आहे! खडकाच्या भेगेतून येतोय!" ते म्हणाले. "ओढ्याकाठच्या सात घरांनी उन्हाळी भुईमूग पेरायला काही हरकत नाही. शनिवारी गावची बैठक आहे, तिथं सांगूनच टाकू. तू त्याआधी सोमवारी एकदा डोळ्यांनी बघून ये फक्त."

गेलो. तात्यांच्या मागोमाग सोळा विहिरी पालथ्या घातल्या आणि सतराव्या विहिरीवर आलो. बिरूआण्णा उभाच होता. अंगात धुतलेला सदरा. तात्या खाकरले, टेप सोडली. टेप जात राहिली, जात राहिली आणि खालून आवाज आला, 'ठक्'. दगडाचा. कोरड्या ठणठणीत दगडाचा.

"अडतीस फूट," तात्या विहिरीकडे बघत म्हणाले.

"करतो सई," बिरूआण्णा बाभळीला म्हणाला.

ओढा ओलांडल्यावर मी विचारलं, "तात्या, विहीर कोरडी आहे ना?"

"व्हय."

"कधीपासून?"

"आट सोमवार झालं."

"मग अडतीस?"

तात्या टेप गुंडाळत चालत राहिले. "तुमच्या कागदावर लिवलंय न्हवं, सायेब? तीनदा कोरडी लागली की हीर यादीतनं कमी. यादीतनं गेली, मग सोमवारी मी कुटल्या तोंडानं जाऊ तिकडं?" थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "त्यो 'करतो सई' म्हनतो. तेवडंच."

मी बोलका माणूस. पाच मिनिटांच्या पावसाचा महापूर करून सांगणारा. पण त्या वाटेवर मला काही वाढवून सांगता येईना. जे होतं तेच सांगितलं, की त्या अडतिसावर शनिवारी सात घरं भुईमूग पेरायचं ठरवणार आहेत.

तात्या बांधावर टेकले. "पेरनार? माज्या अडतिसावर?"

शनिवारी सकाळी देवळात बैठक भरली. सांगायचं ते तात्यांनीच, म्हणून सरांना मी अजून काही बोललो नव्हतो. सरांनी आलेखाचा कागद दोन खांबांना बांधला, सरळ रेघेवर काठी ठेवली आणि तोंड उघडणार, तोच तात्या उठले.

"सतरा नंबर कोरडी हाय. आट सोमवार मी खोटं लिवलं. कुनी पेरू नका."

देवळात बसलेलं कुत्रंसुद्धा शेपूट हलवायचं थांबलं. मग तो दोन फूटवाला बागायतदार हसला. "काय तात्या! आकडा म्हंजी आकडा न्हवं?"

तात्यांनी खिशातनं टेप काढली आणि सरांपुढं ठेवली. अर्ध्या इंचासाठी गावाशी भांडणारा माणूस, मान खाली घालून उभा. आता ही टेप जाणार, सोमवार जाणार, उरलेल्या एकवीस विहिरीही जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

"सया माज्या हायत."

आवाज मागून आला. बिरूआण्णा दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"माज्या दारातली हीर. रोज वाकून बगतोय मी तिच्यात. मला काय दिसत न्हवतं व्हय, कोरडी हाय म्हनून? दादा अडतीस म्हनला, मी सई केली. टेप काडून घेनार आसशिला तर माजं नाव बी घाला त्यात."

'दादा' हा शब्द त्यानं बारा वर्षांनी काढला, तोही सरांकडे बघून.

"पण का?" सरांनी विचारलं. सर काही खडकाचे बनलेले नव्हते. त्यांनी या म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

मी घसा साफ केला. "सर, कोरडी विहीर यादीतून काढली की आलेख तिथंच तुटतो. पुढं पाणी कोणत्या आठवड्यात परत आलं ते कळणार कसं? माझ्या मते कोरड्या विहिरी दर आठवड्याला मोजल्याच पाहिजेत. मालकासमोर. सहीनिशी."

आयुष्यात मी मारलेल्या थापांपैकी ही एकच खरी निघाली. सरांनी पेन काढून नियम तिथल्या तिथं खोडला आणि टेप तात्यांच्या हातात परत दिली. सात घरांचं बियाणं पोत्यातच राहिलं, म्हणजे वाचलं.

मी सोमवारपर्यंत वाडीतच थांबलो. कामासाठी, असं संस्थेला कळवलं होतं.

सतरा नंबरवर तात्यांनी टेप सोडली. 'ठक्'.

"कोरडी," तात्या म्हणाले.

बिरूआण्णानं सही केली. कागद परत दिला. आता निघायचं, अजून पाच विहिरी बाकी होत्या. तात्या टेप गुंडाळत होते, बिरूआण्णा बाभळीकडे बघत होता. ती विहीर दोघांनी मिळून खोदलेली, ऐन तरुणपणी. तिचा एकेक फूट दोघांना पाठ.

"तळ कितीवर लागला?" बिरूआण्णानं विचारलं.

"बेचाळीस."



"नीट ऐकू आलं न्हाई, दादा," बिरूआण्णा म्हणाला. "परत येकदा सोड की."

तात्यांनी गुंडाळलेली सगळी टेप उलगडली आणि विहिरीत सोडायला लागले. फार हळू. बोटभर, बोटभर.