भावोजींची तांबडी जमीन

"फोटो कितीही साळसूद असू दे, त्याच्या पोटातलं मी ओकायला लावतो!" असं तो छाती ठोकून सांगायचा. विम्याच्या दाव्यांचा तपासनीस होता तो. न जळलेल्या दुकानांचा धूर आणि न झालेले अपघात त्याने वीस वर्षं नुसत्या फोटोंवरून पकडले होते. संशय त्याच्या अंगात इतका भिनला होता, की घरात साखरेचा डबा जागचा हलला तरी तो आधी झाकणावरचे ठसे बघे!

एका रविवारी तो ताईकडे गेला, तर भावोजींच्या संगणकावर उजाड, तांबडी जमीन! भावोजी छापखान्यात रंग जुळवायचं काम करत. नाकासमोर चालणारा, मोजकं बोलणारा माणूस. आणि मोजकं बोलणारीच माणसं खोल असतात, हे तपासनिसाचं ठाम मत.

तो दाराआडून बघू लागला. भावोजींनी एकाच दगडाचे तीन काळे-पांढरे फोटो एकावर एक बसवले आणि बघता बघता माती तांबडी झाली! मग शेजारचा फोटो आणून कडेला चिकटवला. सांधा बेमालूम!

'अस्सं! जमिनीला रंग फासताय!' तो मनात म्हणाला आणि लोण्यासारखा आवाज काढून आत शिरला. "भावोजी, जागा झकास आहे हो!"

भावोजींची कळी खुलली. "आहे ना? कालच आले फोटो."

"पाणी?"

"पूर्वी होतं म्हणतात. आता ठणठणाट."

"रस्ता?"

"रस्ता कसला! एक गाडी फिरते, तीही तासाला फार तर शंभर मीटर."

"शेजारपाजार?"

"कुण्णी नाही!" भावोजी सुखाने म्हणाले.

"मग मालक कोण?"

"कोणीच नाही. फोटोसुद्धा फुकट. ज्याला हवे त्याने घ्यावेत."

तपासनीस तडक स्वयंपाकघरात. "ताई, तुझा नवरा लोकांना बिनमालकाची ओसाड जमीन विकणार आहे! फोटो रंगवून!"

ताईच्या हातून उलथनं पडलं. "मला तर म्हणाले, छंद आहे. निवृत्त झाल्यावर दिवसभर हेच करणार म्हणाले!"

"दिवसभर? अगं, मग तुरुंगातच निवृत्त होतील!"

ताईने डोळ्याला पदर लावला. तपासनिसाने बायकोला फोन करून सावध केलं. "भावोजींनी जमिनीची भानगड केलीय. कोणाजवळ बोलू नकोस!" बायको कोणाजवळ बोलली नाही. फक्त मावशीला सांगितलं.

मग ताईला पुढे घालून तो भावोजींसमोर उभा राहिला. "फोटोतली ही सावली कोणाची? साथीदार कोण तुमचा?"

"सावली गाडीची आहे."

"चालक कोण?"

"चालक नाही."

"वा! आणि फोटोवर तारखेच्या जागी नुसता आकडा का?"

"तिथला दिवस आपल्याहून चाळीस मिनिटांनी मोठा. आपली तारीख कशी चालेल?"

"तिथला म्हणजे कुठला?"

"मंगळावरचा!"

भावोजींनी शांतपणे समजावलं. तिथे यानातून उतरवलेली गाडी लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळे फोटो काढते. शास्त्रज्ञ ते सगळ्या जगासाठी खुले ठेवतात. छापखान्यातले सुटे रंग जुळवावेत, तसे भावोजी ते जुळवत होते.

ताई आधी रडली, मग हसली, मग तिने भावाकडे असं पाहिलं की त्याला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मंगळावरची चालली असती!

तेवढ्यात बेल वाजली. दारात बायको, मावशी आणि मावशीचे दोन शेजारी. एकाच्या हातात मोजायची टेप! जन्मात पहिल्यांदाच कोणी फोटो बघायला आलं म्हणून भावोजी हरखले. त्यांनी सगळ्यांना बसवून एकेक दगड दाखवला.

मावशी डोळे बारीक करून बघत होती. निघताना तिने तपासनिसाच्या बायकोला कोपऱ्यात ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "म्हणे मंगळ! मेहुणे-मेहुणे आतून मिळालेले दिसतात. आपण वाटा मागू नये म्हणून ही थाप!"

"आईशप्पथ, मंगळच आहे!" तपासनीस कळवळून ओरडला.

घराचं कुलूप उघडताना बायकोने शांतपणे एवढंच विचारलं, "कागद कोणाच्या नावावर केलेत?"