पहिलं जिरं

नातीच्या जिभेला मसाल्याची पहिली चव लागेल ती आपल्याच हातची, हे आजीने पक्कं ठरवलं होतं. का ठरवू नये? चाळीस वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, ती अंघोळीला गेली असताना सासूबाईंनी तिच्या लेकाला जिऱ्याचं पाणी चाटवून टाकलं होतं. तो मंगळवार तिला अजून सलत होता!

आणि आता समोर विहीणबाई! महिनाभर राहायला आलेल्या. केस रंगवलेले, ओठ रंगवलेले. आठ महिन्यांची बबडी त्यांना पाहिलं की अशी झेपावायची, जणू आजी म्हणजे भिंतीवरचं जुनं कॅलेंडर!

सुनेने फ्रिजवर तक्ता लावला होता. सोमवारपासून चिमूटभर जिरं, तीन दिवसांनी दालचिनी, मग बडीशेप. "एका वेळी एकच हं! अंगावर काही उठलं तर कशामुळे ते कळायला हवं."

सोमवारी म्हणजे सूनच भरवणार! आजीने शनिवारीच भोपळ्याच्या गरात जिऱ्याची पूड कालवली, मागेपुढे पाहिलं आणि चमचा बबडीच्या तोंडात घातला. बबडीने मिटक्या मारल्या. आजीचे पाय दिवसभर जमिनीला लागेनात!

रविवारी दुपारी सून किंचाळली, "अहो, हिच्या तोंडावर लाल चट्टे!"

गालांवर, कपाळावर, हनुवटीवर! मुलाने खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या जेवण अर्धवट टाकून वर आल्या.

"काही नवीन खायला दिलंत?"

"छे! तक्ता उद्यापासून आहे," सून म्हणाली.

आजीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी... जरासं जिरं... काल."

"काल?" विहीणबाई म्हणाल्या. "मी तर शुक्रवारीच दालचिनी दिली!"

म्हणजे गुन्ह्यातसुद्धा दुसरा नंबर! आजी उसळली, "शक्यच नाही! शुक्रवारी ती माझ्या मांडीवर झोपली होती!"

"झोपायच्या आधी हो, ताई."

"भांडू नका," मुलगा खाली मान घालून म्हणाला. "मागच्या रविवारी ती रडत होती, म्हणून मीच रश्श्यातला बटाटा चाटवला."

सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं रात्रीचं जेवण रद्द झालं हे बबडीलाही कळलं असावं.

डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसाने एक चट्टा पुसला. चट्टा कापसावर आला! त्यांनी कापसाकडे पाहिलं, मग विहीणबाईंच्या ओठांकडे.

"पापे जरा कमी घ्या," त्या म्हणाल्या आणि थंडगार जेवणाकडे परत गेल्या.

सगळे पोट धरून हसले. आजी सोडून. ती मोजत होती. सहा ठसे! सहाच्या सहा विहीणबाईंचे! आजीही सकाळपासून दहा पापे घेऊन बसली होती, पण पुरावा कुठे?

संध्याकाळी ती सुनेच्या दाराशी घुटमळली.

"काय हो आई, काही हवंय?"

"काही नाही गं... तुझी ती लिपस्टिक जरा देतेस? त्यांच्यापेक्षा लाल असेल ती दे!"