रिकामी बादली

"आवो, थंडी पडायच्या आत ती पन्हळ साफ करा. लिंबाचा पाला कुजून भिंतीला ओल आली. सोमवारी रंगवाला येणार हाय," राजाबाई म्हणाल्या, आणि मल्हाररावांनी चहाची बशी खाली ठेवली.

मल्हाररावांना उंचीची भीती वाटे. स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही ते खंडोबाचं नाव घेत. पण कन्नडच्या घाटात शेळ्यांमागं आपण कसे कडे चढायचो, हे त्यांनी संभाजीनगरातल्या आपल्या गल्लीला तीस वर्षं ऐकवलं होतं. आता पन्हळीसाठी माणूस लावायचा कोणत्या तोंडानं? त्यात शेजारचे बद्रीनाथ शिडी घेऊन हजर. "तुम्हाला काय, मल्हारराव, खेळच हाय!"

बादली घेऊन चढताना वर बघत राहिले म्हणून निभावलं. पत्र्यावर बसून त्यांनी मूठभर पाला काढला. तो बादलीत पडायचा सोडून खाली गेला आणि त्याच्यामागं नजरही गेली. मल्हाररावांना दरदरून घाम फुटला. एका हातात पन्हळ, दुसऱ्यात बादली घट्ट धरून ते तिथंच गोठले.

अर्धा तास झाला तरी माणूस हलेना. गल्लीत नळाला पाणी येऊन नऊ दिवस झाले होते. गेल्याच महिन्यात पलीकडं एक जण पाण्यासाठी टॉवरवर चढून बसला होता. बद्रीनाथांनी वर बघितलं, रिकामी बादली बघितली आणि ते ओरडले, "आरं, मल्हाररावांनी आंदोलन सुरू केलं!"

बघता बघता बायका घागरी घेऊन जमल्या, घोषणा सुरू झाल्या आणि पाणीपुरवठ्याचे साहेब जीपमधून उतरले.

"काका, खाली या. उद्या पाणी सोडतो."

मल्हाररावांनी नाही म्हणून मान हलवली. उतरायचं तर पाठमोरं होऊन शिडीवर पाय टाकायला हवा होता, आणि पाय ऐकत नव्हता.

"बरं, आज सोडतो!"

मान पुन्हा हलली.

"लई पक्का गडी!" बद्रीनाथ म्हणाले.

"दर तीन दिवसाला सोडतो, लेखी देतो! पण उतरा हो. पडलाबिडलात तर माझी नोकरी जाईल!"

'पडलाबिडलात' ऐकताच मल्हारराव हमसून हमसून रडू लागले. खाली बायकांनीही डोळ्यांना पदर लावले.

शेवटी राजाबाई पदर खोचून शिडी चढल्या. कडे चढून शेळ्या आणायच्या त्या खरं तर राजाबाईच; मल्हारराव खाली काठी धरून उभे असायचे. "डोळं उघडू नगा," त्या पुटपुटल्या. "पाय मी ठिवते." एकेका पायरीवर नवऱ्याचा पाय ठेवत त्यांनी त्यांना खाली आणलं, मग परत वर जाऊन पन्हळ साफ केली. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथ मागच्या गल्लीतल्या दहा-बारा जणांना घेऊन दारात उभे. हातात हार.

"यांच्याकडं बी पाणी नाय. तुम्हीच चढा आता."

"कशावर?"

"चौकातल्या टाकीवर."

मल्हाररावांनी हात जोडले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले. "मला उंचीचं लई भ्या वाटतं हो. काल मी नुसता अडकलो होतो. शेळ्यांमागं बी हीच चढायची."

 बद्रीनाथ लोकांकडं वळले. "बघा, एवढं करून बी मोठेपणा बायकोला देतो हा माणूस!"

हार गळ्यात पडला. लोकांच्या डोक्यांवरून टाकी दिसत होती, आणि तिची शिडी. मल्हाररावांनी डोळे घट्ट मिटले.

"आगं," ते हळूच राजाबाईंना म्हणाले, "तू येशील ना संगं?"