दुसरे बिस्किट

सकाळी अकरा वाजता चवकाकांचा डावा हात बशीकडे गेला नाही, आणि बिस्किटांचा आणखी एक घाणा नापास झाला. हा सलग नववा.

बिस्किटांच्या त्या कारखान्यात माल पास करण्याचे काम चवकाकांकडे होते आणि त्यांची पद्धत सव्वीस वर्षे अबाधित होती. पहिले बिस्किट ते कर्तव्य म्हणून खात, पाणी पीत आणि वर्तमानपत्र उघडून बसत. बशी डावीकडे असे. वाचता वाचता, त्यांच्याही नकळत, हात दुसऱ्या बिस्किटाकडे गेला तर माल पास. दहा मिनिटांत न गेला तर नापास. जीभ भिडेला बळी पडते, हात पडत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. आणि तो खोडून काढण्याइतका सवडीचा माणूस कारखान्यात नव्हता.

"लोणी वाढवलं, साखर वाढवली, भट्टी आतून घासून घेतली," भट्टीमास्तर थकलेल्या आवाजात म्हणाले. "पीठवाल्याशी भांडलो, तर तो रुसून बसलाय. आता काय, मीच भट्टीत जाऊन बसू?"

"उद्या पाहू," चवकाका म्हणाले.

भट्टीत काहीच बिघडले नव्हते. बिघाड म्हणा वा सुधारणा, जी काय होती ती चवकाकांच्या पोटात होती. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मधुमेहावर आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केले होते. रक्तातली साखर उतरली, कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली, आणि खाण्याची वासना कोणी दिवा मालवावा तशी मालवली. कारखान्यात हे सांगण्याची सोय नव्हती. मधुमेही माणसाला बिस्किटांपुढच्या खुर्चीत कोण बसू देईल?

"या आठवड्यात इंजेक्शन चुकवावं म्हणतो," घरी ते चाचरत म्हणाले.

"चुकवून तर बघा!" पत्नीने लाटणे खाली ठेवले नाही. "अकरा वर्षांनी साखर ताळ्यावर आलीय. बिस्किटाला हात जात नाही म्हणून रडणारा नवरा मी पहिल्यांदाच बघतेय."

"अगं, नोकरी जाईल."

"मग न्यायचा हात. तुमचाच आहे ना तो?"

दुसऱ्या दिवशी चवकाकांनी हात नेला. बातमीच्या तिसऱ्या ओळीवर त्यांनी तो उचलला, बशीपर्यंत पोहोचवला आणि बिस्किटासह परत आणला. दारात उभे असलेले मास्तर मान हलवू लागले.

"काका, हा गेला नाही. तुम्ही पाठवलात."

"फरक काय पडतो?"

"चोवीस वर्षं बघतोय मी. जातो तेव्हा मांजरासारखा जातो. आज कचेरीत हजेरी लावायला निघाल्यासारखा गेला."

प्रकरण मालकीणबाईंपर्यंत गेले. गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती, दुकानदार दूरध्वनीवर ओरडत होते, आणि बाई खालचा ओठ चावत चवकाकांसमोर उभ्या होत्या. अखेर चवकाकांनी इंजेक्शनाची कबुली दिली.

"म्हणजे माल चांगला होता?" बाईंनी विचारले.

"ते कसं सांगू, बाई? चव मी कधी पाहिलीच नाही."

बाईंनी बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"मग आता पाहा," बाई म्हणाल्या.

चवकाकांनी बिस्किट मोडले आणि सावकाश चावले. आतून कोणी घाई करीत नव्हते. आपण बोलणार ते आपले राजीनामापत्रच ठरेल हे त्यांना कळत होते. पण खोटे बोलायलाही उमेद लागते.

"मीठ जास्त आहे. साखरेआड लोण्याचा जुनाट वास येतोय. आणि हे आजचं नाही. आठवतंय तेवढं सगळं असंच होतं."

आता मास्तर अंगावर धावून येणार, म्हणून बाई मध्ये सरकल्या. मास्तरांचे तर डोळे भरून आले होते.

"चोवीस वर्षं हेच सांगतोय, बाई! पण काकांचा हात जात होता. मग माझं कोण ऐकणार?"

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "काका, खुर्ची तुमचीच. पण वर्तमानपत्र आजपासून बंद. मास्तर, तुमच्या मनासारखं एकदा करून आणा."

चार दिवसांनी मास्तर नवा घाणा घेऊन आले: ताजे लोणी, बेताचे मीठ, निम्मी साखर. चवकाकांनी अर्धे बिस्किट डोळे मिटून खाल्ले.

"उत्तम आहे."

"उत्तम आहे, मग अर्धं का ठेवलंत?"

"पुरे झालं."

मास्तरांनी ते अर्धे उचलले, उजेडात निरखले आणि स्वतः खाल्ले. बराच वेळ चघळले. बशीत अजून पाच बिस्किटे होती. मास्तरांनी हात मागे बांधले, ते बांधलेलेच राहिले.

"खरंच उत्तम आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "आता हे विकत कोण घेणार?"

मुद्दा वाद घालण्याजोगा होता. चवकाकांना तेवढी इच्छा होईना. त्यांनी माल पास केला आणि सही ठोकली.