सोनकांबळे मामांची शिफारस

एकदा आमच्या कॉलेजात तपासणीला बाहेरची मोठी मंडळी आली होती. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये त्यांतल्या एका साहेबांच्या बोटाला कसलासा जांभळा डाग लागला, म्हणून त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. प्राचार्य लगबगीने म्हणाले, "सोनकांबळे, साहेबांना पाणी द्या." सोनकांबळे मामा कपाटामागून सावकाश पुढे आले, साहेबांच्या बोटाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "किती एमएल?"

प्राचार्यांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं असणार. साहेब मात्र हसले आणि गमतीने म्हणाले, पन्नास. मामांनी खरंच मेजरिंग सिलिंडरमध्ये पन्नास एमएल मोजून आणलं, तीन वेळा थोडं थोडं करून बोटावर ओतलं, आणि वर सांगितलं की बत्तीसच लागलं, अठरा उरलं. उरलेलं घेऊन ते परत कपाटामागे गेले.

दुष्काळाची ती वर्षं ज्यांनी लातुरात काढली त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, घरोघरी पलंगाखाली कळशा. कॉलेजच्या टाकीत आठवड्याला एक टँकर रिकामा व्हायचा आणि त्यातलं लॅबच्या वाट्याचं पाणी मामांच्या ताब्यात. मामा आमचे लॅब अटेंडंट. प्रॅक्टिकलला माणशी एक बीकर पाणी. संपलं तर संपलं. दुसऱ्यांदा मागायला गेलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशाला सांडलं?"

चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. नवा का घेत नाही म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, उदगीर जिल्हा झाला की घेऊ. मामा मूळचे उदगीरकडचे. लॅबचा पंखा, त्यांचा दुखरा दात, त्यांचं पेन्शन, सगळं उदगीर जिल्हा झाल्यावर मार्गी लागणार होतं. लातूरच्या पंख्याचा आणि उदगीरचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, लातूर जिल्हा झाला तवा आमच्या गावची विजेची डीपी दुरुस्त झाली व्हती. जिल्हा झाला की कायतरी दुरुस्त होतंच.

माझं म्हणाल तर, मी दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली केस होते. रेणापूरला बाबांचं सायकलचं दुकान. लेक डॉक्टर होणार हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत. लातूरला क्लास लावला, दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग बीएस्सी. आमच्याकडे बीएस्सी म्हणजे शिक्षण नसतं, सांत्वन असतं. "बीएस्सी का? बरं बरं," असं म्हणून पाहुणे चहाकडे वळतात. बाबांनी तर मार्क विचारायचंच सोडून दिलं होतं. ते विचारत नसत, त्याचंच जास्त लागायचं.

त्यामुळे लॅब मला बरी वाटायची. तिथे फक्त मामा असत, आणि मामांशी भांडता येई. एकदा वाद झाला. मी म्हटलं, फ्लास्क एकदाच भरपूर पाण्याने खळखळून घेतला की स्वच्छ होतो. मामा म्हणाले, न्हाई, तेवढंच पाणी तीन बारीला घाल, जास्ती निघतं. मी म्हटलं, कशावरून? ते म्हणाले, करून बघ. आणि त्या माणसाने, ज्याने साहेबाला बत्तीस एमएलवर वाटेला लावलं होतं, मला वादापायी अख्खी बादली दिली. आठ दिवस मी फ्लास्क जांभळे करत होते आणि धुवत होते. एकदा तीस, तीनदा दहा, सहादा पाच. मामा बरोबर निघाले. मला हरल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

त्याच महिन्यात नोटीस बोर्डावर कागद लागला. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने, बीएस्सीच्या मुलांसाठी फेलोशिप. खऱ्या शास्त्रज्ञांबरोबर काम. मी तो कागद तीनदा वाचला. डॉक्टर व्हायचं हे बाबांचं होतं, शेजाऱ्यांचं होतं, क्लासच्या पोस्टरचं होतं. हे मात्र मला, एकटीला, पाहिजे होतं. अर्जात मी फ्लास्क धुण्याचा प्रयोग लिहिला, कारण त्याशिवाय माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं.

गाडी अडली शिफारशीवर. तुम्हाला लॅबमध्ये काम करताना बघितलेल्या दोन माणसांची पत्रं हवी होती, बंद पाकिटात, अर्जदाराला न दाखवता. एक विभागप्रमुखांनी दिलं. दुसरं देतील अशा मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, त्यांची मुदत संपून त्या नांदेडला गेल्या होत्या. उरले एक सर. ते म्हणाले, टाइप करून आण, सही करतो. आणि मग विचारलं, "तू कोणत्या वर्गात आहेस?"

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं मला काम करताना बघितलंय कोणी? रागाच्या भरात मी फॉर्मवर दुसरं नाव घातलं: सोनकांबळे. हुद्दा: प्रयोगशाळा परिचर. फॉर्म पाठवून मोकळी झाले आणि मग लक्षात आलं, मामांना विचारलंच नाही.

मामांना सांगितलं तेव्हा ते हातातली ट्यूब पुसत राहिले.

"काय लिवायचं असतंय?"

"माझ्याबद्दल. तुम्हाला जे माहीत आहे ते."

"चांगलं लिवायचं का खरं?"

दोन वर्षांत मी फोडलेल्या काचा डोळ्यांसमोर आल्या. पण तो माणूस इतक्या गंभीरपणे विचारत होता की चांगलं लिहा असं तोंडातून निघेना. म्हटलं, खरं.

त्यानंतर आठवडाभर मामांनी मला जवळ फिरकू दिलं नाही. गोपनीय म्हणजे गोपनीय. मी दारात दिसले की मामा काचांच्या तूटफुटीची वही फटकन मिटायचे. एक दिवस रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, रजिस्टर पोस्टानं गेलं, पोचपावती येईल.

काय गेलं ते मला कँटीनवाल्याकडून कळलं. चहा देता देता तो म्हणाला, तुमच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही केली की, दुसरी वॉचमननं केली. मी म्हटलं, साक्षीदार? कसला साक्षीदार? तर मामांनी तहसीलसमोरच्या टायपिस्टाकडे बसून, बाँड पेपरवर, फोटो चिकटवून चक्क शपथपत्र करून पाठवलं होतं! त्यांच्या हिशेबी खरं लिहायची तीच एक रीत. मजकूर काय होता विचारलं, तर वरचा भाग मामांनी हाताने झाकून धरला होता म्हणे.

त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. पुण्याचे शास्त्रज्ञ ते बाँड पेपर एकमेकांना दाखवून हसताहेत असं दिसायला लागलं. पुन्हा नंबर लागणार नाही, पुन्हा पाहुणे चहाकडे वळणार. मामांचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

एप्रिलमध्ये निवड झाल्याचं पत्र आलं. बाबांनी दुकानात ते चार वेळा मोठ्याने वाचलं आणि पंक्चरला आलेल्या माणसाला विचारलं, कळलं का? मामांना सांगितलं तर ते म्हणाले, तिकडं पाणी असंल, पण सांडू नको.

दोन महिने कसे गेले कळलं नाही. शेवटच्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाईंनी एक झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "आता गोपनीय ठेवायचं कारण नाही. अर्ज ढीगभर होते. सगळी पत्रं सारखी होती, हे एक सोडून."

मी जिन्यात बसून वाचलं.

"मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर मुलीस मी दोन वर्षांपासून ओळखतो.

१) सदर मुलीने माझ्या ताब्यातील तीन ब्युरेट व एक फ्लास्क फोडला. चारही वेळा स्वतः येऊन सांगितले. इतर मुले तुकडे बेसिनखाली सारतात.

२) सदर मुलगी माझे ऐकत नाही. आधी करून बघते, मग ऐकते.

३) तिचा एक आकडा चुकला असता खोडून नीट कर असे मी सुचवले. तिने प्रयोग पुन्हा केला. त्यात दीड लिटर पाणी गेले. माझी तक्रार नाही.

४) ती डॉक्टर झाली नाही याचे दुःख तिच्या घरी आहे. लॅबमध्ये नाही.

५) सदर मुलगी पुढील शिक्षणासाठी तिकडेच कायम राहिल्यास माझी कोणतीही हरकत नाही. ती गेल्यावर लॅबमध्ये माझ्याशी बोलणारे कोणी राहत नाही. परंतु तो माझा खाजगी प्रश्न असून संस्थेने त्याचा विचार करू नये.

वरील मजकूर खरा व बरोबर आहे."

दोन वर्षांत मी त्यांना घरी कोण असतं एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. जिन्यातून लोक ये-जा करत होते आणि मी रडत होते.

तिसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं तेव्हा बॅग खोलीवर टाकून मी आधी लॅबमध्ये गेले. पत्र वाचल्याचं सांगितलं नाही. स्टूल ओढून बसले आणि बोलत सुटले. पुण्यातली यंत्रं, मेसची आमटी, हैदराबादहून आलेली पोरगी, एकूण एक. मग विचारलं, मामा, तुमच्या घरी कोण कोण असतं?

मामांनी हातातला फ्लास्क खाली ठेवला. दार पुढे लोटून घेतलं, दुसरं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. "सांगतो," म्हणाले. "तुला घाई तर न्हाई?"